कंपनीचा लॅपटॉप हातात आलाय? कोणाला काय दिसतं आणि पहिल्या महिन्यात काय करून ठेवायचं

नाशिकच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नर एमआयडीसीतला कारखाना असो, नाहीतर इंदिरानगरमधलं वीस माणसांचं सॉफ्टवेअर ऑफिस. रुजू झालं की पहिल्याच दिवशी बॅग, चार्जर आणि लॅपटॉप मिळतो, चार फॉर्मांवर सह्या होतात आणि संध्याकाळपर्यंत त्याच लॅपटॉपवर स्वतःचं जीमेल, व्हॉट्सॲप वेब आणि बँकेची साइट उघडून झालेली असते. मग कधीतरी कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणतं, "अरे, सगळं दिसतं त्यांना."

सगळं दिसत नाही. पण जे दिसतं, ते नव्या माणसाला वाटतं त्यापेक्षा वेगळ्याच ठिकाणी दिसतं. लपवण्याच्या युक्त्या इथे सापडणार नाहीत. त्या का अंगाशी येतात ते आठव्या पायरीत आहे. खाजगी गोष्टी त्या लॅपटॉपवर येऊच द्यायच्या नाहीत आणि नियम कंपनीकडून लेखी मागून घ्यायचे, एवढ्या दोन कामांसाठी बाकीच्या सगळ्या पायऱ्या आहेत.

आधी कंपनी ही देखरेख का करते ते पाहू, म्हणजे उगाच राग येणार नाही. नाशिकमधले कितीतरी कारखाने वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवतात. त्यांच्याकडे ग्राहकाची ड्रॉइंग्ज असतात, आणि ती बाहेर जाऊ नयेत म्हणून ग्राहक ऑडिट लावतो. आयएसओ २७००१ या माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत लॉग ठेवणं, देखरेख, वेबसाइट गाळणं आणि डेटा बाहेर जाण्यापासून रोखणं यांसाठी वेगवेगळी कलमं आहेत. जर्मन गाडी-कंपन्यांचं काम असेल तर टिसॅक्सची, म्हणजे वाहन उद्योगाच्या माहिती-सुरक्षा तपासणीची, विचारणा होते. त्यात सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवणं बंधनकारक आहे. म्हणजे मालक कितीही मोकळ्या मनाचा असला तरी तुम्ही मार्चमध्ये काय उघडलं त्याची नोंद ऑगस्टमध्येही असू शकते. ब्राउझरची हिस्टरी पुसली म्हणून ही नोंद जात नाही. ती मुळात तुमच्या लॅपटॉपवर नसतेच.

हाताशी काय हवं

- ऑफर लेटर आणि नेमणूक पत्र
- आयटी पॉलिसी. काही ठिकाणी ती कर्मचारी पुस्तिकेत एखाद्या प्रकरणात दडलेली असते
- गोपनीयता करार, म्हणजे सगळे ज्याला एनडीए म्हणतात तो
- लॅपटॉप ताब्यात घेतल्याची पावती, सीरियल नंबरसकट
- देखरेखीसाठी वेगळं संमतीपत्र घेतलं असेल तर त्याची प्रत
- स्वतःचा फोन, स्वतःचा डेटा पॅक आणि जमल्यास घरचा जुना का होईना पण एक वेगळा संगणक

## १. सही करण्याआधी चार प्रश्न

आयटी पॉलिसी वाचायला अर्धा तास मागा. "नंतर मेल करतो" असं उत्तर आलं तर तो मेल तुमच्या खाजगी पत्त्यावर पाठवायला सांगा. इथे पहिला सापळा आहे. रुजू झाल्यावर कंपनीच्या मेलवरून स्वतःच्या जीमेलला पॉलिसीची फाइल पाठवली, तर डेटा बाहेर गेल्याची सूचना आयटीकडे जाऊ शकते. बिचारी पॉलिसीच असते ती, पण यंत्रणेला "अटॅचमेंट बाहेर गेली" एवढंच कळतं. एचआरकडून पाठवून घ्या किंवा छापील प्रत मागा.

एचआरला हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर मेलवर घ्या:

१. फक्त वेबसाइटच्या नोंदी ठेवता, की स्क्रीनचे फोटो, टायपिंग, कॅमेरा हेही?
२. लॅपटॉप घरच्या वायफायवर असताना देखरेख चालू असते का? ऑफिसची वेळ संपल्यावर?
३. थोडा खाजगी वापर चालतो का, आणि कशाला मनाई आहे?
४. नोंदी कोण पाहतं आणि किती दिवस ठेवतात?

प्रश्न आगाऊपणाचे वाटत असतील तर "पॉलिसी नीट पाळायची आहे म्हणून विचारतोय" असं एक वाक्य वर टाका. मोठ्या कंपन्यांत उत्तरं तयार असतात. छोट्या ठिकाणी "आमच्याकडे तसलं काही नाही" असं ऐकायला मिळेल. बहुतेकदा ते खरं नसतं. बोलणाऱ्याला माहीत नसतं, इतकंच.

## २. लॅपटॉप मिळाल्यावर पंधरा मिनिटांची पाहणी

फक्त पाहायचं. काहीही बंद करायचं नाही, काढायचं नाही. मेन्यूंची नावं आवृत्तीनुसार थोडी बदलतात.

बाहेरून: खालच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर पावतीशी ताडून पाहा. ओरखडे, बिजागरी, चार्जर यांचे फोटो फोनवर काढून ठेवा. नोकरी सोडताना हेच फोटो उपयोगी पडतात.

विंडोजमध्ये: सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग "ॲक्सेस वर्क ऑर स्कूल". तिथे कंपनीचं खातं जोडलेलं दिसलं आणि त्यात "इन्फो" बटण असलं, तर लॅपटॉपची व्यवस्था दुरून चालते. मॅकवर हेच "डिव्हाइस मॅनेजमेंट" किंवा "प्रोफाइल्स" या नावाखाली सापडतं.

क्रोम किंवा एजमध्ये: तीन टिंबांचा मेन्यू उघडा आणि तळाशी पाहा. "मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" असं लिहिलेलं असेल तर ब्राउझरचे नियम कंपनी ठरवते.

घड्याळाशेजारची चिन्हं: खालच्या पट्टीतला छोटा बाण दाबा. झेडस्केलर, नेटस्कोप, ग्लोबलप्रोटेक्ट, फोर्टीक्लायंट, सोफॉस ही सुरक्षा सॉफ्टवेअरची नावं मोठ्या कंपन्यांत दिसतात. महाराष्ट्रातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांत क्विक हीलचंच भावंड असलेलं सिक्राइट बरेचदा असतं. चिन्ह दिसलं नाही म्हणजे काही नाही असं समजू नका. देखरेखीची काही सॉफ्टवेअर चिन्ह न दाखवताच चालतात.

सर्टिफिकेट, म्हणजे साइटची ओळख पटवणारा डिजिटल दाखला: ही सगळ्यात कामाची तपासणी. एखादी साधी बातम्यांची साइट उघडा. पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबा, "कनेक्शन इज सिक्युअर" आणि मग सर्टिफिकेटवर जा. ते कोणी दिलंय ते वाचा. डिजिसर्ट, लेट्स एन्क्रिप्ट, गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस अशी नावं असतील तर त्या साइटशी तुमचं बोलणं मध्ये कोणी उघडत नाही. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा फायरवॉलचं (नेटवर्कवरची ये-जा तपासणाऱ्या यंत्रणेचं) नाव असेल, तर कुलूप दिसत असूनही वाटेत मजकूर उघडला जातो, तपासला जातो आणि पुन्हा बंद करून पुढे जातो. कधीकधी तिथे अँटीव्हायरसचं नाव असतं. तेव्हा तपासणी लॅपटॉपच्या आतच होत असते.

ही तपासणी बँकेच्या साइटवर करू नका. बँका आणि आरोग्याच्या साइट अनेक कंपन्या मुद्दाम वगळतात, त्यामुळे तिथलं शुद्ध सर्टिफिकेट पाहून बाकी सगळंही तसंच आहे असा गैरसमज होतो.

## ३. कोणाला नेमकं काय दिसतं

नेटवर्कवरून, मजकूर न उघडता: साइटचं नाव, वेळ आणि किती डेटा गेला-आला. यूट्यूब उघडलं हे कळतं, कोणता व्हिडिओ ते कळत नाही. फायरवॉल प्रत्येक साइटला एक वर्ग देते: बातम्या, खरेदी, सोशल मीडिया, नोकरी शोध. महिन्याच्या अहवालात बरेचदा ही वर्गवारीच वर जाते. लासलगावच्या कांद्याचा भाव दिवसातून दोनदा पाहिला म्हणून कोणी विचारायला येत नाही. "नोकरी शोध" या वर्गात मात्र तुम्ही रोज तासभर दिसलात, तर साहेबाला कळण्याची शक्यता धरूनच चाला.

मजकूर उघडून तपासणी असेल तर: पूर्ण पत्ता, सर्चमध्ये टाकलेले शब्द, चढवलेल्या फाइलचं नाव, कधी आतला मजकूरही. चॅटजीपीटीसारख्या साइटवर काय पेस्ट केलं तेही यात येतं. ग्राहकाच्या ड्रॉइंगवरची मापं किंवा कोटेशनचे दर तिथे टाकणं हा सध्या नव्या मुलांचा सगळ्यात महागात पडणारा घोटाळा आहे. हेतू वाईट नसतो. पण एनडीएत "त्रयस्थाला देणार नाही" यावर सही झालेली असते.

लॅपटॉपवर बसवलेल्या सॉफ्टवेअरमधून: कोणता प्रोग्राम किती वेळ पुढे होता, माउस-कीबोर्ड किती वेळ शांत होता आणि खिडकीच्या वरच्या पट्टीवरचा मजकूर. या पट्टीकडे कोणाचं लक्ष जात नाही. जीमेलमध्ये एखादा मेल उघडला की टॅबच्या नावात त्या मेलचा विषय आणि तुमचा पत्ता येतो. मेल न वाचताही "ऑफर लेटर" किंवा "लॅब रिपोर्ट" हे शब्द नोंदीत उतरतात. काही सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने स्क्रीनचा फोटो घेतात, काही टायपिंगही टिपतात. व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत कोणी वाचू शकत नाही हे खरंच आहे, पण ते स्क्रीनवर उघडे असताना फोटो निघाला तर त्या कुलुपाचा काय उपयोग?

क्लाउडवर: कंपनीचा मेल, टीम्सवरचं दोघांमधलं बोलणं, कंपनीच्या ड्राइव्हवरच्या फाइली. हे सगळं कंपनीचं आहे. ॲडमिनला शोधता येतं, आणि जतन करण्याचा नियम लावलेला असेल तर तुम्ही पुसलेला मेसेजही मागे उरतो.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरच्या हिस्टरी न ठेवणाऱ्या खिडकीमुळे यातलं काहीच थांबत नाही. ती खिडकी उघडताच क्रोम स्वतः लिहून सांगतं की तुमची हालचाल नोकरी देणाऱ्याला दिसू शकते. ते वाक्य कोणी वाचत नाही.

## ४. ब्राउझर वेगळा करा

पहिल्या आठवड्यातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, म्हणून जरा सविस्तर.

ऑफिसच्या क्रोममध्ये स्वतःचं जीमेल खातं प्रोफाइल म्हणून जोडलं आणि सिंक चालू केलं, की घरच्या संगणकावर जपलेले पासवर्ड, बुकमार्क, हिस्टरी, कार्डांचे तपशील ऑफिसच्या लॅपटॉपवर उतरू शकतात. रात्री घरी काय शोधलं ते सकाळी ऑफिसच्या ॲड्रेस बारमध्ये अर्धा शब्द टाइप करताच पुढे येतं, आणि नेमकी तेव्हाच मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केलेली असते.

चूक झालीच असेल तर असं सोडवा:

१. क्रोममध्ये उजवीकडच्या गोल चित्रावर दाबा, सिंक बंद करा.
२. ते प्रोफाइलच लॅपटॉपवरून काढून टाका. नुसतं साइन आउट केलं तर आधी उतरलेले पासवर्ड तिथेच राहू शकतात.
३. मग स्वतःच्या फोनवरून गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात "युवर डिव्हाइसेस" उघडा आणि ऑफिसचा लॅपटॉप काढा.
४. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून तिथलाही लॅपटॉप काढा.
५. बँक, मेल, पीएफचा यूएएन यांचे पासवर्ड घरच्या संगणकावरून किंवा फोनवरून बदला.

छोट्या ऑफिसात याच्या उलटा घोळ असतो. सगळ्यांच्या क्रोममध्ये कंपनीचं एकच जीमेल खातं. सिंक चालू असेल तर अकाउंट्समधल्या ताईंनी काय उघडलं ते डिस्पॅचच्या दादाला दिसतं आणि दोघांचं मालकाच्या फोनवर दिसतं. याला देखरेख म्हणायचं की गलथानपणा, ते तुम्हीच ठरवा. अशा ठिकाणी "हा पासवर्ड सेव्ह करू का?" असं क्रोमने विचारलं की "नेव्हर" दाबायचं. एकदा "सेव्ह" झालं की तो पासवर्ड त्या खात्यात बसणाऱ्या प्रत्येकाचा झाला.

दुसरी खास छोट्या ऑफिसातली गोष्ट म्हणजे बाहेरचा आयटीवाला. तो आठ-दहा कंपन्यांचं काम पाहतो आणि एनीडेस्क या दुरून संगणक चालवायच्या सॉफ्टवेअरवरून मशीनमध्ये येतो. त्याने एनीडेस्कमध्ये कायमचा पासवर्ड लावलेला असेल, तर तुम्ही "ॲक्सेप्ट" न दाबताही तो आत येऊ शकतो. त्याचं काम चालू असताना समोर बसून राहा आणि त्याआधी स्वतःच्या सगळ्या खिडक्या बंद करा.

आता नियम: बँक, आयकर विवरणपत्र, पीएफचा दावा, आधार डाउनलोड, मुलांच्या शाळेचे फॉर्म, डॉक्टरांचे रिपोर्ट आणि नव्या नोकरीचा शोध, हे सगळं स्वतःच्या फोनवर किंवा घरच्या संगणकावर. महावितरणचं बिल भरणं किंवा बातम्या वाचणं पॉलिसीत चालत असेल तर खुशाल करा.

## ५. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल लॅपटॉपवर राहत नाही

अनेक कंपन्यांत वनड्राइव्ह असं लावलेलं असतं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तिन्ही फोल्डर आपोआप कंपनीच्या क्लाउडवर जातात. फाइलच्या चिन्हाशेजारी छोटा ढग किंवा हिरवी टिकली दिसली की समजायचं. "जरा वेळ ठेवतो" म्हणून टाकलेलं पॅन कार्ड, सातबारा, लग्नाचे फोटो असे तिकडे पोचतात. डिलीट केलं तरी कंपनीच्या वनड्राइव्हचा रिसायकल बिन साधारण ९३ दिवस ते धरून ठेवतो.

पेन ड्राइव्ह लावणं, फोन लॅपटॉपला जोडून फोटो काढून घेणं याचीही नोंद होते. फोन चार्ज करायचा तर भिंतीतला प्लग वापरा.

## ६. फोनवर कंपनीचा मेल घेताना

कंपनीने फोन दिला असेल तर त्यालाही लॅपटॉपचेच नियम लावा. स्वतःच्या फोनवर मेल घ्यायला सांगितला तर कोणत्या मार्गाने घेतो, यावर सगळं अवलंबून आहे.

- अँड्रॉइडवर वर्क प्रोफाइल: हा चांगला मार्ग. कंपनीच्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह येतं, आणि तुमचे फोटो, मेसेज, हिस्टरी त्या कप्प्याच्या बाहेर राहतात. नोकरी सुटली की कंपनी फक्त तो कप्पा पुसते.
- आउटलुकचं ॲप: कंपनीला त्या ॲपमधला मेल पुसता येतो.
- फोनच्या मूळ मेल ॲपमध्ये खातं घालणं: इथे "सगळा डेटा पुसण्याची परवानगी" मागणारी पाटी आली तर थांबा. काही ठिकाणी ती मान्य केल्यावर कंपनीला अख्खा फोन रिकामा करता येतो. आउटलुकवर चालेल का, असं आयटीला विचारा. बहुतेक वेळा चालतं.

ऑफिसचं वायफाय स्वतःच्या फोनला जोडताना एम्प्लॉयी नंबर टाकून लॉगिन केलं असेल, तर फोनवरून उघडलेल्या साइटची नावं तुमच्या नावावर जातात. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज जाते म्हणून सगळे वायफायवर येतात, हे समजण्यासारखं आहे. तेवढ्या वेळात कामाचं पाहा, बाकीचं बाहेर चहाच्या टपरीवर.

## ७. घरून काम करताना

घरच्या वायफायवर आलो म्हणजे सुटलो, हा समज जुना झाला. झेडस्केलरसारखं सॉफ्टवेअर लॅपटॉपमधूनच सगळी वाहतूक कंपनीच्या फिल्टरकडे नेतं. कनेक्शन गंगापूर रोडच्या फ्लॅटमधलं आहे की मोबाइलच्या हॉटस्पॉटचं, त्याला फरक पडत नाही. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद राहिले आणि ऑफिसने घरून काम दिलं, तर हे लक्षात असू द्या.

- लॅपटॉप घरातल्या मुलांना ऑनलाइन तासाला किंवा गेमला देऊ नका. नोंद तुमच्या नावावर होते.
- कॅमेऱ्याला सरकतं झाकण लावा. पाठीमागे कपाटं, औषधं, देव्हारा, घरातली माणसं दिसणार नाहीत अशी जागा निवडा.
- टीम्सवर पाचेक मिनिटं हालचाल थांबली की पिवळं चिन्ह येतं. स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी मोजून आलात तरी पिवळंच दिसणार. कॅलेंडरमध्ये जेवणाची वेळ टाकून ठेवा, म्हणजे त्या चिन्हाला कारण राहतं.
- दिवस संपला की लॅपटॉप पूर्ण बंद करा. नुसतं झाकण मिटवू नका.

## ८. या युक्त्या करू नका

मोफत व्हीपीएन, म्हणजे तुमची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे झाकून नेणारं सॉफ्टवेअर: उघडलेली साइट कदाचित दिसणार नाही, पण व्हीपीएन चालू केलं हे ठळक दिसतं. फायरवॉलला त्याचा स्वतंत्र वर्गच असतो. साध्या क्रिकेट स्कोअरसाठी कोणी हटकलं नसतं. व्हीपीएनसाठी हमखास हटकतील.

माउस हलवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर: यूएसबीला लावलं की त्याच्या ओळखीची नोंद होते. माउस तीन तास हलतोय पण एकही अक्षर टाइप झालेलं नाही, हेही लगेच कळतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याच्या कारणावरून डझनभराहून जास्त लोकांना काढलं होतं. तिथे प्रश्न आळसाचा उरला नाही, फसवणुकीचा झाला.

एजंट, म्हणजे लॅपटॉपवर बसवलेलं देखरेखीचं सॉफ्टवेअर, बंद करणं, विंडोज नव्याने टाकणं: एजंटकडून हजेरी येणं थांबलं की आयटीच्या स्क्रीनवर तो लॅपटॉप लाल होतो. त्यापुढे कायदाही आहे. परवानगीशिवाय संगणकात बिघाड करणं किंवा माहिती नष्ट करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

## ९. कायदा कुठे उभा आहे

कर्मचाऱ्यांवरच्या देखरेखीसाठी म्हणून भारतात वेगळा कायदा नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, पण तो प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागायचा हक्क आहे. खाजगी मालकाला तो निकाल सरळ लागू पडेलच असं नाही.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. त्यातलं कलम ७ नीट वाचा. नोकरीच्या कारणासाठी, किंवा हेरगिरी आणि व्यापारी गुपितं फुटणं यांसारख्या नुकसानीपासून मालकाला वाचवण्यासाठी, कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरता येते. "मी संमती दिलीच नव्हती" हा मुद्दा त्यामुळे फार लांब जात नाही. आणखी एक बारकावा: आपली माहिती दाखवा असं मागण्याचा कलम ११ चा हक्क संमतीवर घेतलेल्या माहितीला जोडलेला आहे, त्यामुळे देखरेखीच्या नोंदींना तो लागू पडतोच असं नाही. तक्रार मांडण्याचं कलम १३ मात्र तुमच्याही कामाचं आहे. माहिती जपण्याची सुरक्षा ठेवली नाही तर कंपनीला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तुमची खाजगी माहिती कामाच्या निमित्ताने हाती आलेल्या कोणी, तुमचं नुकसान करण्यासाठी किंवा स्वतःच्या फायद्यासाठी, करार मोडून तिसऱ्याला दिली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२ए आहे. नोंदी पाहणं आणि त्या ऑफिसभर वाटणं यांत कायदा फरक करतो. स्क्रीनचे फोटो ग्रुपवर फिरले तर पुरावा जपा आणि वकिलाला गाठा. नुकसानभरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतो. बँक खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

## १०. एचआरने बोलावून यादी समोर ठेवली तर

घाबरून तिथल्या तिथे काही कबूल करू नका, आणि जागेवर येऊन काही पुसूही नका. यादीची प्रत मागा आणि उत्तराला दोन दिवसांचा वेळ घ्या. मग ही तपासणी करा.

वेळ कोणती आहे? बऱ्याच यंत्रणा जागतिक प्रमाणवेळेत नोंद करतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. यादीत सकाळी ८:०० लिहिलं असेल तर ती इथली दुपारची १:३०, म्हणजे बहुधा जेवणाची सुट्टी. हे अंतर न लावता काढलेले अहवाल वर जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

साइट तुम्ही उघडली की तिच्यासोबत आली? बातम्यांचं एक पान उघडलं तरी जाहिराती, मोजणी आणि व्हिडिओ यांच्या डझनभर साइट आपोआप बोलावल्या जातात. नोंदीत त्या सगळ्या तुमच्या नावावर असतात. ज्या साइटचं नावही ओळखीचं नाही, तिच्या आगे-मागे दोन सेकंदांत काय उघडलं होतं ते मागा.

"सहा तास सोशल मीडिया" कसे मोजले? बाजूच्या टॅबमध्ये व्हॉट्सॲप वेब नुसतं उघडं असलं तरी ते दिवसभर सर्व्हरशी बोलत राहतं. किती डेटा गेला हा आकडा मागा. नुसत्या उघड्या टॅबचा तो अगदी किरकोळ असतो.

मशीनवर तेव्हा कोण होतं? शिफ्टमध्ये एकच लॉगिन वापरत असतील तर हजेरी मशीनच्या वेळा सोबत जोडा.

उत्तर लेखी द्या, लहान ठेवा. जे केलं ते मान्य करा, जे केलं नाही ते कारणासह नाकारा. खरोखरच दोन तास मॅच पाहिली असेल तर तांत्रिक वाद घालून फायदा नाही. समोरच्याकडे बहुधा स्क्रीनचा फोटोही असतो. कोऱ्या किंवा आधीच टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. तुम्ही कामगार या व्याख्येत बसत असाल तर शिक्षेआधी चौकशी आणि बाजू मांडायची संधी मिळाली पाहिजे. त्यासाठी युनियन किंवा कामगार उपायुक्त कार्यालय.

## ११. नोकरी सोडताना

राजीनामा दिल्यावर नोंदी जास्त बारकाईने पाहिल्या जातात. शेवटच्या दोन दिवसांत शेकडो फाइली डिलीट झाल्या किंवा पेन ड्राइव्हवर गेल्या की सूचना जाणारच, मग त्यात सहलीचेच फोटो का असेनात.

राजीनामा देण्याच्या बऱ्याच आधीपासून खाजगी फाइली थोड्या थोड्या कमी करा. राहिल्याच असतील तर आयटीला मेल करा: "माझ्या खाजगी फाइली अमुक फोल्डरमध्ये आहेत, तुमच्यासमोर काढून घेऊ का?" बहुतेक जण हो म्हणतात. कंपनीची एक्सेल शीट, ग्राहकांचे नंबर, स्वतः बनवलेलं पण पगारात बनवलेलं ड्रॉइंग यांना हात लावू नका.

ओटीपी किंवा पासवर्ड बदलण्यासाठी कुठे कंपनीचा मेल दिला असेल (बँक, विमा, यूएएन, लिंक्डइन) तर तो आधी बदला. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाला मेल बंद होतो आणि मग विम्याच्या हेल्पलाइनवर तासन्‌तास जातात.

चौथ्या पायरीतली यादी पुन्हा एकदा चालवा. लॅपटॉप फॉरमॅट करू नका, ते आयटीचं काम. चार्जर, बॅग, माउस, डोंगल मोजून द्या आणि सीरियल नंबर, तारीख, घेणाऱ्याची सही असलेली पावती घेऊनच गेटबाहेर पडा. पावती मिळेपर्यंत फुल अँड फायनलच्या कागदावर "सर्व हिशेब पूर्ण" असं लिहून सही देऊ नका.